क्रॅनबेरीच्या अलीकडे

पिट्सबर्गला नोकरी लागली, वर्षभर भाड्याच्या घरात राहून झालं, की मराठी कुटुंबात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घर कुठे घ्यायचं? उत्तरही ठरलेलं असतं. क्रॅनबेरी, वेक्सफर्ड, माउंट लेबनन, अप्पर सेंट क्लेअर, फॉक्स चॅपल. सांगणारी माणसं बदलतात, यादी बदलत नाही.

अ‍ॅलेघेनी काउंटीत १३० स्वतंत्र नगरपालिका आहेत. पिट्सबर्ग शहर ही त्यातली फक्त एक. शहरात माणसं तीन लाख, आख्ख्या काउंटीत साडेबारा लाख. म्हणजे चारातले तीन जण शहराच्या हद्दीबाहेर राहतात, आणि ते सगळे काही चार-पाच नावांत मावत नाहीत. त्यातली क्रॅनबेरी तर या काउंटीतही नाही, ती उत्तरेकडच्या बटलर काउंटीत आहे. उरलेल्या सव्वाशे गावांकडे आपण बघतही नाही. काही गावांच्या नुसत्या नावानं नाक मुरडतो, तिथे कधी पाऊल न टाकता.

ही यादी आळसातून आली आहे. या आळसाची किंमत तीस वर्षांच्या हप्त्यांत मोजावी लागते, आणि ती फक्त घेणारा मोजत नाही.

कंपनी हलली, यादी हलली

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथल्या भारतीयांची यादी वेगळी होती. तेव्हा सगळे पूर्वेला, मन्रोव्हिल आणि आसपास राहत. वेस्टिंगहाउसचं अणुऊर्जेचं काम तिकडे होतं आणि त्यात आपले इंजिनिअर होते. पेन हिल्समधलं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७६-७७ मध्ये उभं राहिलं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हिंदू मंदिरांपैकी एक. मन्रोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आलं, शिर्डीच्या साईबाबांचं मंदिर आलं. पूर्वेकडचं उपनगर म्हणजे चांगलं उपनगर, असं तेव्हा सगळे एकमेकांना सांगत.

मग वेस्टिंगहाउसनं मुख्यालय मन्रोव्हिलमधून उचलून क्रॅनबेरीला नेलं. दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, मोकळी जमीन होती, नवी घरं बांधता आली. २०२० च्या जनगणनेत क्रॅनबेरीची वस्ती ३३ हजारांवर गेली. आणि आपली यादी पूर्वेकडून उत्तरेला सरकली.

चांगलं उपनगर कसं ठरतं, ते यावरून बघा. मन्रोव्हिलचे डोंगर बिघडले नव्हते, तिथली माणसं बदलली नव्हती. एका कंपनीचं ऑफिस हललं. ऑफिस पुन्हा हलेल तेव्हा यादी पुन्हा हलेल, आणि तुमच्या नावावरचं कर्ज मात्र जागच्या जागी राहील.

आधी हिशेब

पेनसिल्व्हेनियात घरावर तीन जण कर लावतात: नगरपालिका, स्कूल डिस्ट्रिक्ट आणि काउंटी. तिघांचे दर वेगळे, आणि त्यात सर्वांत मोठा घास बहुतेक वेळा स्कूल डिस्ट्रिक्टचा. काउंटीनं २०२५ साठी आपला दर एकदम ३६ टक्क्यांनी वाढवला. करासाठी घरांचं मूल्य आजही २०१२ च्या पायावर धरलं जातं, त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांचा कर सारखा असेलच असं नाही. शेजारी काय भरतो ते विचारून आपला अंदाज बांधू नका. काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की त्या घराचं मूल्यांकन समोर येतं. घर बघायला जाण्याआधी ते बघा.

दुसरा कर पगारावरचा. पिट्सबर्ग शहरात राहणाऱ्याला कमाईवर ३ टक्के स्थानिक कर, तर बहुतेक उपनगरांत १ टक्का. लाख डॉलर पगारावर वर्षाला दोन हजार डॉलरचा फरक पडतो. हद्दीच्या या बाजूला घर की त्या बाजूला, एवढाच प्रश्न असतो; रस्ता तोच, दुकान तेच, बस तीच.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि जमिनीची. पिट्सबर्ग म्हणजे उंच डोंगर आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या दऱ्या. १७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी इथे एका दिवसात सुमारे १५० मिलिमीटर पाऊस ओतला. मुंबईत एका दिवसात एवढा पाऊस दर पावसाळ्यात होतो. पण इथे सगळं पाणी डोंगरउतारावरून थेट ओढ्यात आलं आणि मिलव्हेल, एटना, कार्नेगी ही गावं पाण्याखाली गेली. नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही. दरड येत नाही. खालच्या जुन्या कोळसाखाणीत जमीन खचली तर तेही येत नाही. त्यासाठी राज्य सरकारचा वेगळा विमा आहे. खाणीवर घर आहे का, हे राज्याच्या नकाशावर बघता येतं. ग्रॅनाइटचा ओटा बघण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ या नकाशांना दिला तरी पुरे.

आता गावं घेऊ.

शार्प्सबर्ग

फॉक्स चॅपलमध्ये घर घ्यायचं म्हणून लोक जिवाचं रान करतात. कारण एकच: शाळा. तर ऐका. फॉक्स चॅपल एरिया स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये फॉक्स चॅपल आहे, ओ'हारा आहे, अ‍ॅस्पिनवॉल आहे, आणि शार्प्सबर्गही आहे. हायस्कूल तेच. शिक्षक तेच. स्कूल डिस्ट्रिक्टच्या कराचा दरही तोच.

शार्प्सबर्ग हा अ‍ॅलेघेनी नदीकाठचा चिमुकला बरो, म्हणजे छोटी नगरपालिका. वस्ती साडेतीन हजारांच्या आत. याच गावात हेन्री हाइन्झनं १८६९ मध्ये हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ किसून बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. जगभर गेलेल्या त्या केचपच्या कंपनीचा जन्म इथला. घरं चिकटून, अंगण वीतभर, रेल्वेचे रूळ गावाच्या पोटातून जातात, हायवेचा आवाज येतो. नदी जवळ आहे म्हणून पुराचा नकाशा बघावाच लागतो. पण मुख्य रस्त्यावर पायी फिरता येतं, पूल ओलांडला की लॉरेन्सव्हिल, आणि शहरात जाणारी बस दाराशी.

फॉक्स चॅपलमध्ये एकरभर हिरवळीसाठी जे पैसे मोजता, त्यातले शाळेसाठी किती आणि हिरवळीसाठी किती, हे स्वतःला एकदा विचारा. शाळाच हवी असेल तर शार्प्सबर्ग बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

डॉरमाँट

माउंट लेबनन आवडणं मी समजू शकते. जुनी दगडी घरं, मोठी झाडं, चालायला पदपथ, ट्राम. पण ती ट्राम माउंट लेबननला पोचण्याआधी डॉरमाँटमधून जाते.

डॉरमाँट दोन चौरस किलोमीटरच्याही आत मावतं आणि त्यात आठ हजारांवर माणसं राहतात. इतक्या दाट वस्तीचा फायदा असा की सगळं पायाखाली आहे. पोटोमॅक अ‍ॅव्हेन्यूवर जुनं हॉलिवुड थिएटर आहे, खाण्याच्या जागा आहेत, केस कापायचं दुकान आहे. ‘टी’, म्हणजे ती ट्राम, पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत डाउनटाउन. आणि १९२० पासूनचा सार्वजनिक जलतरण तलाव, भलाथोरला. मधे एकदा दुरुस्तीच्या खर्चापायी तो कायमचा बंद पडायच्या बेतात होता. गावकऱ्यांनी पैसे जमवले, पाठपुरावा केला, तलाव वाचवला. आठ हजारांच्या गावाला शंभर वर्षांचा तलाव वाचवता येतो, ही गोष्ट मला कुठल्याही शाळेच्या गुणांकापेक्षा जास्त सांगून जाते.

उणी बाजू? रस्ते इतके चढाचे की जानेवारीत गाडी घसरते. घरं शंभर वर्षांची, त्यामुळे जुनं वायरिंग आणि मातीच्या पाइपांची मलवाहिनी तपासून घ्यावी लागते. पार्किंगवरून कुरबुरी होतात. शाळा कीस्टोन ओक्स डिस्ट्रिक्टच्या, लहान आणि साध्या. माउंट लेबननच्या शाळांचा दबदबा त्यांना नाही. पण ज्याला मूल नाही, किंवा ज्याचं मूल दोन वर्षांचं आहे, त्यानं केवळ दबदब्यासाठी माउंट लेबननचे दर का मोजावेत?

कार्नेगी

१८९४ मध्ये ओढ्याकाठची दोन गावं, शार्टिअर्स आणि मॅन्सफिल्ड, एकत्र झाली आणि त्यांनी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीचं नाव घेतलं. त्यानं गावाला टेकडीवर ग्रंथालय आणि संगीतसभागृह बांधून दिलं. १९०१ पासून ते चालू आहे. आत अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या संघटनेची खोली जशीच्या तशी जपलेली आहे. पुण्या-मुंबईची नगर वाचन मंदिरं बघत वाढलेल्या माणसाला या इमारतीत पाय ठेवताच ओळख पटेल.

गावाला खरीखुरी बाजारपेठ आहे. २००० पासून फक्त बससाठी बांधलेला वेस्ट बसवे इथून निघतो, त्यामुळे कोंडीत न अडकता शहरात जाता येतं. विमानतळाकडचा रस्ताही जवळ. आणि धोका एकच पण मोठा: शार्टिअर्स क्रीक हा ओढा. आयव्हनच्या वेळी बाजारपेठ बुडाली होती. कार्नेगीत घर घ्यायचं तर टेकडीवर घ्या. सपाटीवर स्वस्त मिळालं म्हणून भुलू नका. ते स्वस्त का आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

मिलव्हेल

मिलव्हेलच्या सेंट निकोलस क्रोएशियन चर्चच्या भिंती बघायला जगभरातून माणसं येतात, आणि इथली मराठी माणसं वीस वर्षं राहून जातात पण तिकडे फिरकत नाहीत. मॅक्सो वांका या चित्रकारानं १९३७ आणि १९४१ मध्ये ती भित्तिचित्रं काढली. खाणीत मेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या आया, युद्धाचा संताप, एकट्यानं टेबलावर जेवणारा धनिक. हे सगळं चर्चच्या भिंतीवर, देवाच्या साक्षीनं. परदेशात येऊन राबणाऱ्या माणसांनी आपलं दुःख आपल्या प्रार्थनास्थळात असं उघडपणे रंगवून घेतलं. परदेशात येऊन राबणाऱ्या दुसऱ्या माणसांनी ते बघायला हवं.

गाव म्हणून? गर्टीज रन नावाचा ओढा मधून वाहतो आणि तो २००४ नंतरही फुगला आहे. खालच्या रस्त्यांवर घर नको, हे स्पष्ट. पण वरच्या अंगाला परवडणारी घरं आहेत, चाळिसाव्या रस्त्याचा पूल ओलांडला की शहर, आणि पूर सोसलेल्या या गावानं २०१३ मध्ये लोकवर्गणी आणि श्रमदानातून आपलं ग्रंथालय उभं केलं, छपरावर सौर पॅनेल बसवले. शाळा शेलर एरिया डिस्ट्रिक्टच्या. पहिलं घर शोधणाऱ्या जोडप्यानं इथे एक शनिवार घालवावा.

पेन हिल्स

इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे.

देव पेन हिल्समध्ये आणि घर क्रॅनबेरीत, असा आपला कारभार आहे. सणावाराला गाड्या भरून मंदिरात यायचं, प्रसादाचा दहीभात खायचा, आणि परतीच्या वाटेवर म्हणायचं की हा भाग आता बिघडलाय. पेन हिल्सनं १९७० पासून एक तृतीयांश माणसं गमावली. आज तिथे ४१ हजार लोक राहतात, आणि त्यात कृष्णवर्णीय कुटुंबांचं प्रमाण मोठं आहे. ‘बिघडलाय’ या शब्दामागे काय दडलं आहे, हे म्हणणाऱ्याला नीट ठाऊक असतं.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती पैशांची आहे. पेन हिल्सच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं दोन नव्या इमारती बांधल्या आणि कर्ज १७ कोटी डॉलरच्या घरात नेलं. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी त्यावर कडक अहवाल दिला. ते कर्ज घरमालकांच्या करातून फिटतं आहे, आणि पुढची अनेक वर्षं फिटत राहील. त्यामुळे घर स्वस्त आणि कर चढा, असा मामला आहे. हिशेब मांडून नको म्हणा. ते रास्त आहे. न मांडता नको म्हणणं रास्त नाही. काहींचा हिशेब जुळेलही: पन्नासच्या दशकातली एकमजली विटांची घरं, मागे ऐसपैस अंगण, गुडघेदुखीच्या माणसाला जिना नाही.

विल्किन्सबर्ग, एजवूड, स्विसव्हेल

रीजंट स्क्वेअर नावाचा एक सुंदर मोहल्ला आहे, फ्रिक पार्कला लागून. या एका मोहल्ल्यात चार नगरपालिकांच्या हद्दी भेटतात: पिट्सबर्ग, विल्किन्सबर्ग, एजवूड, स्विसव्हेल. आणि तीन स्कूल डिस्ट्रिक्ट. एकाच मोहल्ल्यातली मुलं उद्यानात एकत्र खेळतात आणि सकाळी वेगवेगळ्या नशिबांकडे जातात.

या हद्दी कुणी आखल्या? एजवूड आणि स्विसव्हेल ज्या वुडलँड हिल्स स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, ते १९८१ मध्ये कोर्टाच्या आदेशानं जन्माला आलं. त्याआधी इथे पाच वेगळी डिस्ट्रिक्ट होती, आणि ब्रॅडॉकच्या बाजूची कृष्णवर्णीय मुलं एका गरीब डिस्ट्रिक्टमध्ये कोंडली जातील अशा तऱ्हेनं सीमा ठरवल्या गेल्या होत्या. पालक कोर्टात गेले, दहा वर्षं लढले, आणि फेडरल कोर्टानं पाचही डिस्ट्रिक्ट एकत्र करायला लावली. तेव्हा ज्यांना ते नको होतं त्यांतले अनेक जण दूरच्या उपनगरांत निघून गेले. आज आपण शाळेचा गुणांक बघून वुडलँड हिल्स टाळतो, तेव्हा त्याच वाटेनं चालत असतो.

विल्किन्सबर्गची गोष्ट आणखी कठीण. याच गावातल्या एका गॅरेजमध्ये फ्रँक कॉनरॅडनं रेडिओचे जे प्रयोग केले, त्यातून १९२० मध्ये केडीकेए हे केंद्र उभं राहिलं. १९५० मध्ये इथे ३१ हजार माणसं होती; २०२० मध्ये १४ हजार. माणसं गेली, रिकामी घरं राहिली, कर देणारे कमी झाले आणि कराचा दर काउंटीतल्या सर्वांत चढ्या दरांमध्ये जाऊन बसला. २०१६ मध्ये हायस्कूल बंद झालं आणि मोठी मुलं पिट्सबर्गच्या शाळेत जाऊ लागली.

पण याच गावात ईस्ट बसवेचं स्टेशन आहे; डाउनटाउनला पंधराएक मिनिटं. जुनं रेल्वे स्टेशन गावानं देखणं करून पुन्हा उभं केलं आहे. रिकाम्या घरांमध्ये उत्तम बांधणीची घरं आहेत. सगळ्यांनी इथे यावं असं मी म्हणणार नाही. शाळेत जाणारी दोन मुलं आणि एक पगार असलेल्या घराला कराचा हा बोजा झेपणार नाही. त्यांनी हिशेब मांडून एजवूड बघावं: सावलीचे रस्ते, बसवे जवळ, आणि फ्रिक पार्क चालत.

एक ठाम नको

मनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात घरं सर्वांत स्वस्त आहेत आणि तिथे मी हात जोडून सांगेन, लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर घेऊ नका. क्लेअरटनला अमेरिकेतला सर्वांत मोठा कोक कारखाना आहे. ब्रॅडॉकमध्ये १८७५ पासूनचा पोलाद कारखाना अजून धगधगतो. थंड सकाळी गरम हवेचा थर वर झाकण घालतो आणि धूर खोऱ्यातच अडकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये क्लेअरटनच्या कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार गेले. तिथे राहणारी माणसं या हवेत पिढ्यानपिढ्या श्वास घेत आहेत आणि स्वच्छ हवेसाठी सभांमध्ये, कोर्टात भांडत आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. घर घेण्याचा सल्ला मात्र देता येत नाही.

आई-बाबांची कसोटी

आता ती कसोटी, जी कुठल्याच यादीत नसते.

आपल्या घरी दर दोन-तीन वर्षांनी आई-बाबा येतात, सहा महिने राहतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, किंवा इथल्या हायवेवर चालवायची हिंमत होत नाही. क्रॅनबेरीच्या नव्या वसाहतीत त्यांचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मुलगा-सून सकाळी आठला जातात. घराबाहेर वळणावळणाचा रस्ता, पुढे सहापदरी रस्ता, त्यापलीकडे दुकान. कोथिंबीर आणायची तर शनिवारपर्यंत थांबायचं. तिसऱ्या महिन्यात बाबा परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे घेता येईल का विचारायला लागतात. चाळीस वर्षं स्वतःच्या पायांनी बाजार केलेल्या माणसाला आपण पाहुणा म्हणून बोलावतो आणि मुलाच्या गाडीची वाट बघायला बसवतो.

डॉरमाँटमध्ये ते बाबा सकाळी चालत ब्रेड आणतील, ट्रामनं शहरात जाऊन नदी बघून येतील. कार्नेगीत आई ग्रंथालयाची पायरी चढेल. म्हणून घर बघताना एक गोष्ट करा. एजंटची गाडी सोडा, सासऱ्यांना किंवा आईला सोबत घ्या, आणि त्या घरापासून दूध, औषध आणि बस या तीन गोष्टी पायी शोधा. मिळाल्या तर घर बघा. नाही मिळाल्या तर बंगला कितीही चकचकीत असो, तो सत्तरीच्या माणसासाठी नाही. आणि तुम्हीही कधीतरी सत्तरीचे होणार आहात.

ट्राम-बसबद्दल एक इशारा देणं माझं काम आहे. २०२५ मध्ये पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिटनं पैसे नसल्यामुळे ३५ टक्के सेवा कापायचा प्रस्ताव मांडला होता. बांधकामांसाठी राखलेला पैसा वळवून तो टळला, पण प्रश्न कायमचा सुटलेला नाही. बसच्या भरवशावर घर घेणाऱ्यानं बसच्या पैशासाठी आवाजही उठवायला हवा.

‘सेफ आहे का?’

हा प्रश्न एजंटला विचारून उपयोग नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं वंश बघून गिऱ्हाईक वळवायला बंदी आहे, त्यामुळे शहाणा एजंट उत्तरच देत नाही. मग उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, आणि तिथे कायदा नाही. तिथे ‘आपली बरीच माणसं आहेत’ म्हणजे चांगलं, आणि ‘मिक्स्ड आहे’ म्हणजे नको. ज्या देशात आपण स्वतः रंगानं वेगळे ठरतो, त्या देशात आपणच ही भाषा बोलावी याची मला लाज वाटते.

शाळांच्या गुणांकाचंही तेच. तो आकडा मुख्यतः परीक्षेतल्या गुणांवरून निघतो, आणि ते गुण घरातल्या उत्पन्नाच्या मागोमाग चालतात. म्हणजे तो आकडा शाळेपेक्षा पालकांच्या पगाराबद्दल अधिक सांगतो. शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, वर्गात मुलं किती आणि शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा.

हद्दीशी बोला

अ‍ॅलेघेनी काउंटीत ४३ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, १३० नगरपालिका आहेत. एवढे तुकडे असणं अन्यायाचं आहे. श्रीमंत गाव आपला कर आपल्या मुलांवर खर्च करतं आणि शेजारचं गाव आपलं दारिद्र्य आपल्याच मुलांत वाटतं. पण या हद्दी बदलल्या आहेत. १८९४ मध्ये दोन गावं मिळून कार्नेगी झालं. १९०७ मध्ये अ‍ॅलेघेनी हे आख्खं शहर, तिथल्या लोकांच्या मर्जीविरुद्ध, पिट्सबर्गनं आपल्यात घेतलं. १९८१ मध्ये पाच डिस्ट्रिक्टचं एक झालं. माणसांनी आखलं, माणसांनीच मोडलं.

त्यात तुमचा वाटा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सनशाइन कायद्यानं गावच्या रहिवाशाला आणि करदात्याला नगरपालिकेच्या आणि शाळा-मंडळाच्या जाहीर सभेत बोलायचा हक्क दिला आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एच-वन व्हिसावरचा माणूसही उभा राहून विचारू शकतो की ओढ्याची सफाई का झाली नाही आणि शाळेचं कर्ज कधी फिटणार. तीस हजारांच्या टाउनशिपमध्ये तुम्ही गर्दीतले एक असता. तीन हजारांच्या शार्प्सबर्गमध्ये तिसऱ्या सभेला तुमचं नाव सगळ्यांना पाठ झालेलं असेल.

म्हणून पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना माझं सांगणं असं. मुलांच्या शाळेसाठी जीव अडकला असेल तर शार्प्सबर्ग बघा. गाडीशिवाय जगायचं असेल तर डॉरमाँट. बाजारपेठ आणि वाचनालय हवं असेल तर कार्नेगीची टेकडी. कमी पैशांत शहराजवळ सुरुवात करायची असेल तर मिलव्हेलचा वरचा भाग. उद्यान आणि बसवे हवा असेल तर एजवूड. आणि हे सगळं बघूनही क्रॅनबेरीच आवडली तर खुशाल घ्या. पण मग पुढच्या नव्या मराठी कुटुंबानं विचारलं, घर कुठे घ्यावं, तर पाच नावं सांगून थांबू नका. तुम्ही पाहिलेली सगळी गावं सांगा, आणि एखाद्या शनिवारी त्यांना तिकडे घेऊन जा.